मुखर्जीनगर : मुले जिथे शिकायला जातात

दिल्लीस गेलेला आपला माणूस लाल किल्ला नंतर पाहतो, आधी २६, अलीपूर रोड गाठतो. बाबासाहेबांनी ६ डिसेंबर १९५६ रोजी जिथे अखेरचा श्वास घेतला, तिथे आता उघड्या ग्रंथाच्या आकाराचे राष्ट्रीय स्मारक उभे आहे. १३ एप्रिल २०१८ रोजी ते खुले झाले. गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतली चार कुटुंबे मिळून आम्ही तिथे गेलो. परंतु हा लेख स्मारकाविषयी नाही. तिथून मेट्रोने थोडे पुढे गेले की मुलांची जी वस्ती लागते, तिच्याविषयी आहे.

सिव्हिल लाइन्सपासून तिसरे स्टेशन गुरु तेगबहादूर नगर. अलीकडच्या विश्वविद्यालय स्टेशनाभोवती १९२२ साली स्थापन झालेल्या दिल्ली विद्यापीठाची नावाजलेली कॉलेजे आहेत, तर या स्टेशनाच्या पुढे मुखर्जीनगर, हडसन लेन, विजयनगर. या भागाला जुने लोक अजून किंग्जवे कॅम्प म्हणतात. १९४७ च्या फाळणीत घरदार गमावलेल्या निर्वासितांची मोठी छावणी इथे होती. त्या माणसांनी काडी काडी जमवून घरे बांधली. पुढे कॉलेजे फुगली, स्पर्धा परीक्षांचे वर्ग आले आणि एका कुटुंबाच्या घरात वीस-वीस मुले राहू लागली.

आमच्या वस्तीतला एक मुलगा तिथे यूपीएससीचा अभ्यास करतो. बाप हमाली करतो, आई चार घरची धुणीभांडी. तो आम्हाला घ्यायला स्टेशनवर आला. ई-रिक्षातून उतरलो तर डोक्यावर वायरींचे जाळे आणि भिंतीवर इंचभर जागा न सोडता लावलेले क्लासचे फलक. मोठी यश मिळवलेल्या मुलांचे फोटो त्यावर हसत होते. त्याची खोली म्हणजे एक खाट, एक टेबल आणि लाकडी फळीची भिंत. जिना एकच, तोही इतका अरुंद की समोरून माणूस आला तर एकाने मागे सरावे.

"काकू, दिवसा झोपतो आणि रात्री वाचतो," तो म्हणाला. "पण लग्नसराईत रात्रीही वाचता येत नाही. बँड, डीजे, फटाके. तक्रार करायला भीती वाटते. घरमालक म्हणतो, जमत नसेल तर खोली सोड."

आता याविषयी कायदा काय सांगतो, ते आपण समजून घेतले पाहिजे. ध्वनिप्रदूषणाचे नियम सन २००० मध्ये देशभर लागू झाले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. दोन माणसांचे साधे बोलणेच ६० डेसिबलच्या आसपास असते, यावरून ४५ म्हणजे किती शांतता ते समजावे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सणासमारंभासाठी राज्य सरकार वर्षातून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. दवाखाने, शाळा-कॉलेजे आणि न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. मात्र २०१७ च्या दुरुस्तीनंतर सरकारने तसे जाहीर केल्याशिवाय तो शांतता क्षेत्र धरला जात नाही. म्हणजे कॉलेज आहे म्हणून शांतता आपोआप मिळत नाही, ती मागावी लागते.

गल्लीतल्या एका वृद्ध आजींशी आम्ही बोललो. त्यांचे वडील छावणीत आले होते. त्यांची तक्रार वेगळी. रात्री बारा वाजता मुले रस्त्यात वाढदिवसाचा केक कापतात, मोटारसायकली फिरवतात, दारासमोर गाड्या लावतात. आजींचे म्हणणे खोटे नव्हते. झोप त्यांनाही हवी आहे. पण शेजारच्या घरावर तीन मजले चढवून खोल्या पाडल्या, तेव्हा कोणी हरकत घेतली का, असे आम्ही विचारले. त्यांनी हसून हात जोडले. त्यांच्या वरच्या मजल्यावरही नऊ मुले होती.

इथे दुखणे कळते. दिल्लीच्या मास्टर प्लॅनमध्ये निवासी भागात वर्ग किंवा भाड्याच्या खोल्या अजिबात नकोत असे नाही. रस्त्याची रुंदी, गाड्यांची सोय, आगीपासून बचाव अशा अटी पाळून काही ठिकाणी त्या चालवता येतात. अटी कागदावर राहतात आणि भाडे मात्र खिशात जाते. १५ जून २०२३ रोजी मुखर्जीनगरात क्लासच्या एका इमारतीत विजेच्या मीटरजवळ आग लागली. मुले खिडक्यांतून दोर आणि वायरी धरून खाली उतरली. सुदैवाने जीव वाचले. सुमारे वर्षभरानंतर, २७ जुलै २०२४ रोजी, दिल्लीतल्याच जुन्या राजेंद्रनगरात एका क्लासच्या तळघरात पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले. त्या तळघराला परवानगी होती ती सामान आणि गाड्या ठेवण्याची, चालत होते तिथे वाचनालय. एका विद्यार्थ्याने महिनाभर आधी लेखी तक्रार केली होती. तीन जीव गेल्यावर महानगरपालिकेने भराभर तळघरांना सील ठोकले.

सील ठोकले ते योग्यच झाले. पण मग ज्यांनी तिथे वर्षाचे पैसे भरले होते ती मुले कुठे बसणार? श्रीमंताचा मुलगा दुसरी जागा घेतो. हमालाचा मुलगा गावी परततो. नियम रोज पाळला तर तो गरीब भाडेकरूचे कवच असतो. अपघातानंतरच आठवला तर तोच त्याच्या डोक्यावर पडतो.

आणखी एक गोष्ट मुलाने चालता चालता सांगितली. एके ठिकाणी खोली पसंत पडली, भाडे ठरले, शेवटी आडनाव विचारले आणि 'खोली आधीच दिली' असे उत्तर मिळाले. वस्तीची शिस्त या नावाखाली कोण नको, हेही असे ठरवले जाते. म्हणून नियम माणसाला लागू करायचा नसतो, गोंगाटाला आणि बेकायदा बांधकामाला करायचा असतो. विद्यार्थी गोंधळ घालत असेल तर त्याला दंड करा. मालक आगीच्या सापळ्यात खोल्या विकत असेल तर त्यालाही करा.

बार्टीसारख्या संस्थेच्या मदतीने आपली मुले-मुली दिल्लीपर्यंत पोहोचू लागली आहेत. त्यांच्या आईबापांना आमचे सांगणे आहे की फक्त क्लासची फी विचारू नका. एकदा तरी स्वतः जाऊन जागा पाहा. बाहेर पडायला दुसरा जिना आहे का? खिडकीला न उघडणारी जाळी आहे का? वीजमीटर जिन्याखालीच आहे का? वाचनालय तळघरात तर नाही ना? भाड्याची पावती आणि लेखी करार मिळतो का? हजार रुपये वाचवण्यासाठी यातले काही सोडू नका. रात्रीच्या गोंगाटाची तक्रार ११२ वर करता येते. एकट्याने करायला भीती वाटत असेल तर दहा मुलांनी मिळून, सह्या करून, लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

हाच कायदा आपल्या वस्तीलाही आहे. एप्रिल-मे महिन्यांत कोणाच्या ना कोणाच्या घरात परीक्षा चालू असते. जयंती जरूर थाटात करावी, पण दहाच्या ठोक्याला डीजे बंद करणारी पहिली वस्ती आपली असावी. मग महापालिकेकडे आणि पोलिसांकडे नियम मागताना आपला आवाज कोणी दाबू शकणार नाही.