आकड्याआधीचा रकाना

डेटाबेसमध्ये, म्हणजे माहिती ओळींत आणि रकान्यांत मांडून ठेवणाऱ्या संगणकीय दप्तरात, कोणताही आकडा आपली ओळख आपण होऊन सांगत नाही. तो ज्या रकान्यात पडतो त्या रकान्याविषयी आधी जे घोषित झालेले असते त्यावरूनच तो संख्या आहे, तारीख आहे की नुसती अक्षरांची ओळ आहे हे ठरते. ४१३५०१ हा धाराशिव शहराचा पिनकोड दिसायला चार लाखांवरची संख्या असला, तरी दोन पिनकोडांची बेरीज कधी कोणी करत नाही, म्हणून तो संख्या नव्हे, अंकांनी लिहिलेले नाव आहे. ०२४७२ या त्याच शहराच्या दूरध्वनी संकेतांकाची गोष्ट आणखी नाजूक आहे, कारण तो संख्येच्या रकान्यात गेला की पुढचे शून्य गळून पडते आणि उरलेल्या चार अंकांकडे पाहून काही हरवले आहे असे कोणाला वाटतही नाही. संकेतस्थळामागे चालणाऱ्या आज्ञावलीत अशा चुका वारंवार होतात, आणि धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाच्या जन्मापासून वारसनोंदीपर्यंतचे बहुतेक कागद आता याच वाटेने जात असल्यामुळे त्या चुका केवळ आज्ञावली लिहिणाऱ्याच्या राहत नाहीत.

आज्ञावलीत एखादे मूल्य तात्पुरते धरून ठेवण्यासाठी नाव देऊन राखलेल्या जागेला व्हेरिएबल किंवा चल म्हणतात, त्या जागेत कोणत्या जातीचे मूल्य राहील याला डेटा टाइप किंवा प्रकार म्हणतात, आणि वापरापूर्वी ती जागा नावानिशी जाहीर करणे म्हणजे घोषणा. १९९५ साली जन्मलेली पीएचपी आणि १९९६ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टच्या एएसपी या वेबपाने घडवणाऱ्या साधनाबरोबर सर्व्हरवर आलेली व्हीबीस्क्रिप्ट या दोन भाषांनी एका पिढीला वेबवरचा डेटाबेस शिकवला, आणि दोघींनीही घोषणेची सक्ती केली नाही. व्हीबीस्क्रिप्टमध्ये तर व्हेरिएंट हा एकच प्रकार असून त्यात काहीही मावते. त्यामुळे जमिनीच्या क्षेत्रासाठी ठेवलेल्या चलाचे नाव एका ठिकाणी एक अक्षर चुकवून लिहिले, तर भाषा हरकत घेत नाही, ती त्या चुकीच्या नावाची नवी रिकामी जागा निर्माण करते आणि बेरजेत शून्य धरून पुढे जाते. फाइलच्या आरंभी ‘ऑप्शन एक्सप्लिसिट’ ही एक ओळ लिहिली की तीच चूक ‘व्हेरिएबल इज अनडिफाइन्ड’ असा संदेश देऊन तिथल्या तिथे थांबते. नवशिक्याला हा संदेश अडथळा वाटतो. वस्तुतः बोलणारी चूक ही मुक्या चुकीपेक्षा कितीतरी उपकारक असते, आणि ती ओळ न शिकवता व्हीबीस्क्रिप्ट शिकवणे हे शिकवणाऱ्याचे मोठे उणेपण मानावे लागते.

घोषणेची ही शिस्त महाराष्ट्राच्या महसुली दप्तराला परकी नाही. गावपातळीवरच्या हिशेबासाठी एकवीस गाव नमुने ठरवून दिलेले आहेत, त्यांतला सहावा फेरफारांचा, आठ-अ खातेदाराच्या एकूण जमिनीचा, सातवा अधिकार अभिलेखाचा आणि बारावा पिकांचा. शेवटचे दोन एका कागदावर आले म्हणून त्या कागदाला सातबारा हे नाव पडले. प्रत्येक नमुन्याच्या माथ्यावर रकान्याचे शीर्षक आणि मोजण्याचे एकक छापलेले असते, म्हणजे तलाठ्याने पहिला आकडा लिहिण्याआधीच त्या आकड्याची जात जाहीर झालेली असते. फरक इतकाच की कागदावरच्या रकान्यात चुकीचे काही पडले तरी वाचणारा माणूस संदर्भावरून ते सावरून घेत असे, आणि यंत्राजवळ संदर्भ नसतो. ४५/२ हा गट क्रमांक गावात कोणीही ‘पंचेचाळीस बटे दोन’ असा वाचतो आणि पंचेचाळिसाव्या गटाचा दुसरा हिस्सा असे समजतो. तोच मजकूर अवतरणचिन्हांशिवाय एसक्यूएलच्या, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेतल्या वाक्यात जोडला गेला, तर यंत्राला तो भागाकार दिसतो. गटाचा रकाना पूर्णांकाचा असेल, तर एसक्यूएल सर्व्हरसारखा डेटाबेस अपूर्णांक टाकून उत्तर २२ धरतो आणि बाविसाव्या गटाचा मालक पडद्यावर आणतो. चुकीचा संदेश येत नाही, पान व्यवस्थित उघडते, नाव खरे असते, फक्त जमीन दुसऱ्याची असते. खुद्द ‘७/१२’ हा मजकूर भारतीय मांडणीच्या एक्सेलमध्ये टंकला, तर रकान्यात ७ डिसेंबर ही तारीख उमटते.

माणसाच्या बाबतीत हा प्रश्न शाळेच्या दाखल्यापासून सुरू होतो. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीतल्या असंख्य माणसांची कागदावरची जन्मतारीख १ जून आहे, कारण जन्माची नोंद नसलेले मूल जूनमध्ये शाळेत आणले गेले, गुरुजींनी उंचीवरून आणि आईच्या सांगण्यावरून वर्षाचा अंदाज बांधला आणि दिवसाच्या जागी १ जून लिहिले. कोणाचा जन्म पोळ्याचा, कोणाचा तुळजापूरच्या नवरात्रातला. रजिस्टराला मात्र दिनांक हवा होता. रकाना तारखेचा आणि हाती असलेली माहिती केवळ वर्षाची, अशी ही प्रकारांची विसंगती संगणकाच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिच्यात गुरुजींचा दोष नाही, कारण ‘वर्ष ठाऊक, दिवस अज्ञात’ असे लिहायची जागा त्या रकान्याने त्यांना दिलीच नव्हती.

हीच तारीख ०१/०६ अशी टंकून अमेरिकी मांडणीच्या सर्व्हरवर पोचली की ती ६ जानेवारी होते, कारण तिकडे महिना आधी लिहितात. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचा ०१/०५/१९६० हा दिवसही तिथे ५ जानेवारीला सरकतो. या चुकीचा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. व्हीबीस्क्रिप्टमध्ये मजकुराची तारीख करणारी आज्ञा ३०/०९/१९९३ हा उमरगा-लोहारा भागाने कधीही न विसरलेला भूकंपाचा दिवस बरोबर वाचते, कारण तिसावा महिना नसतो हे कळल्यावर ती मुकाट्याने क्रम उलटते. त्यामुळे महिन्याच्या तेराव्या दिवसापासून पुढच्या सगळ्या तारखा अचूक येतात आणि पहिल्या बारा दिवसांतल्या चुकतात, म्हणजे वर्षातल्या १३२ तारखा बदलतात, कारण ०६/०६ सारख्या बारा तारखा उलट्या वाचल्या तरी त्याच राहतात. ज्याने चाचणीसाठी महिन्याच्या पंचविसाव्या दिवसाची तारीख निवडली त्याला आज्ञावली निर्दोष वाटते, आणि ज्यांचा जन्म १ जूनचा त्यांच्या दारात दोष जातो. वर्ष दोन अंकी लिहिले असेल तर आणखी भर पडते. ही भाषा सामान्यतः ०० ते २९ या अंकांना एकविसाव्या शतकात घालते, म्हणून २५ साली जन्मलेली वृद्धा २०२५ मध्ये जन्मलेली ठरते. यावर उपाय एकच आहे, तो म्हणजे आज्ञावलीच्या सीमेवरच तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने चार अंकी वर्षासह बांधणे, आणि पुढे कुठेही तिला मजकूर म्हणून हिंडू न देणे.

जुन्या कागदांत तर सनच वेगळा आहे. १९४८ पर्यंत धाराशिव जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथे महसुलाचे वर्ष फसली सनाने मोजले जाई. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन निघतो. फसली १३५५ हे वर्ष तारखेच्या रकान्यात तसेच घातले, तर एसक्यूएल सर्व्हरचा जुना तारीखप्रकार ते नाकारतो, कारण त्याचे कालमान १७५३ पासून सुरू होते. नवा प्रकार मात्र ते स्वीकारतो आणि १९४५ च्या सुमाराचा कागद बहमनी राज्याच्या पहिल्या दशकात नेऊन ठेवतो. अशा नोंदीसाठी सनाचा एक आणि वर्षाचा एक असे दोन स्वतंत्र रकाने ठेवणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

नावाचा रकाना त्याहून हळवा आहे. देवनागरीसाठी युनिकोड या जागतिक लिपिसंकेतात १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा राखलेला आहे, पण डेटाबेसचा रकाना जुन्या एकबाइटी अक्षरप्रकाराचा घोषित असेल, तर देवनागरीतले नाव आत शिरताना प्रत्येक अक्षरचिन्हाचे प्रश्नचिन्ह होते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रकाना युनिकोडचा असूनही वाक्यात मजकुराआधी एन हे अक्षर लिहायचे राहिले, तर हेच घडते. प्रश्नचिन्हे झालेले नाव पुन्हा वाचता येत नाही, कारण मूळ अक्षर साठवलेलेच नसते. ते त्या माणसाला परत विचारावे लागते. लांबीचीही घोषणा असते. ‘धाराशिव’ या शब्दात काना-वेलांटीसह सात चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण २१. वीस बाइटांच्या रकान्यात जिल्ह्याचे नाव शेवटच्या अक्षरावर अडते. ‘उस्मानाबाद’ या त्याच्या जुन्या नावाला ३० लागत. २०२३ मध्ये शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे बदलले, तेव्हा ज्या तक्त्यांत जिल्हा नावाने ओळखला जात होता तिथे एकाच जिल्ह्याचे दोन जिल्हे होण्याचा धोका होता. ज्यांत तो संकेतांकाने ओळखला जात होता तिथे एका ओळीतली दुरुस्ती पुरेशी होती. वाहनांच्या पाटीवरचा एमएच-२५ हा संकेत तसाच राहिला आहे.

मोबाइल क्रमांकाविषयी थोडक्यात सांगता येईल. चार बाइटांच्या पूर्णांकाची कमाल मर्यादा २१४७४८३६४७ आहे आणि भारतातले मोबाइल क्रमांक त्याहून मोठे असतात, म्हणून मायएसक्यूएल हा डेटाबेस काटेकोर पद्धतीवर नसेल, तर गावातल्या सगळ्यांचा क्रमांक हाच एक होऊन बसतो. व्हीबीस्क्रिप्टचा लहान पूर्णांक ३२७६७ वर संपतो. त्यात धाराशिवचा पिनकोड घातला की ‘ओव्हरफ्लो’ येते.

क्षेत्रफळाचा प्रश्न मात्र अधिक वेळ मागतो. सातबारा हेक्टर-आरमध्ये लिहिला जातो, पण बोलण्यात, सोयऱ्यांत आणि खरेदीच्या सौद्यात एकर-गुंठा चालतो. शंभर आरांचा हेक्टर असल्यामुळे तिथला बिंदू दशांशासारखा वागतो. चाळीस गुंठ्यांचा एकर असल्यामुळे ‘२.३०’ मधला बिंदू दशांशचिन्ह नसून दोन एककांमधला बांध आहे. दोन एकर तीस गुंठे आणि एक एकर वीस गुंठे मिळून चार एकर दहा गुंठे होतात, २.३० आणि १.२० यांची दशांश बेरीज ३.५० येते आणि यंत्राच्या लेखी ती साडेतीन एकर, म्हणजे तीन एकर वीस गुंठे. तीस गुंठे, पाऊण एकर जमीन, कोणीही बांध न कोरता नाहीशी होते. उलट हीच मूल्ये अर्जाच्या पानावरून आली असतील, तर ती मुळात मजकूर असतात, आणि व्हीबीस्क्रिप्टमध्ये दोन मजकुरांमधले बेरजेचे चिन्ह त्यांना केवळ शेजारी चिकटवते, त्यामुळे ३० आणि २० यांचे ३०२० होतात. सगळे क्षेत्र गुंठ्यांत किंवा चौरस मीटरमध्ये पूर्णांक म्हणून साठवावे आणि एकर-गुंठ्यांत केवळ दाखवावे, ही रीत यावर पुरेशी ठरते.

अशी चूक शोधण्याचे शास्त्र साधे आहे, पण त्याला धीर लागतो. प्रथम डेटाबेसकडे जाणारे वाक्य तसेच्या तसे पडद्यावर छापून पाहावे, कारण अवतरणचिन्ह कुठे सुटले हे आज्ञावलीत दिसत नाही, तयार वाक्यात दिसते. मग संशयित चलाचे मूल्यच नव्हे तर प्रकारही छापावा. व्हीबीस्क्रिप्टमध्ये टाइपनेम आणि पीएचपीमध्ये गेटटाइप त्यासाठीच आहे. त्यानंतर तक्त्याची घोषणा उघडून दोन्ही बाजू जुळतात का ते ताडावे, आणि शेवटी मूल्ये वाक्यात जोडण्याऐवजी प्रकारासह वेगळी पाठवावीत, म्हणजे पंचेचाळीस बटे दोनचा भागाकार होण्याचा प्रश्नच उरत नाही आणि अर्जातून घुसवलेल्या खोडसाळ आज्ञांनाही दार बंद होते. भाषेच्या उदारपणावर विसंबू नये. २०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या आठव्या आवृत्तीपर्यंत पीएचपी शून्याची आणि शब्दाची सैल तुलना करताना दोघांना समान मानत असे, म्हणजे हिस्सा ‘अ’ आणि हिस्सा ० तिच्या लेखी एकच होते.

एक मूल्य असे आहे की ज्याला स्वतःचा प्रकारच नसतो. त्याला नल म्हणतात आणि त्याचा अर्थ ‘ठाऊक नाही’ असा आहे. ते शून्य नव्हे आणि रिकामा मजकूरही नव्हे. दोन नल परस्परांशी समान आहेत असेही डेटाबेस म्हणत नाही, कारण दोन अज्ञात गोष्टी एकच आहेत असे म्हणायला आधार नसतो. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लिहिणे महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केले, आणि स्वतःचे नाव, आईचे, वडिलांचे, आडनाव असे चार रकाने झाले. जुन्या ओळींत आईचा रकाना नल असतो. चारही रकाने बेरजेच्या चिन्हाने जोडून पूर्ण नाव करू पाहणाऱ्या वाक्याला एसक्यूएल सर्व्हर नेहमीच्या मांडणीत नल हेच उत्तर देतो, म्हणजे आईचे नाव विचारले गेले नव्हते एवढ्यावरून माणसाचे संपूर्ण नावच पुसले जाते. नल आल्यास काय करायचे हे आधी सांगणे, हाही घोषणेचाच भाग आहे.

माणूस गेल्यावर वारसनोंदीचा फेरफार लिहिला जातो. एक हेक्टर जमीन आणि तीन वारस असतील, तर प्रत्येकाचा हिस्सा एक तृतीयांश येतो, तो ०.३३ म्हणून साठवला, तर शंभर चौरस मीटर, म्हणजे पूर्ण एक आर, कोणाच्याच नावावर राहत नाही. हिस्सा अंश आणि छेद अशा दोन पूर्णांकांत ठेवला, तर मालकी अचूक राहते. पण क्षेत्र लिहिताना दहा हजार चौरस मीटरांचे तीन भाग करावेच लागतात, प्रत्येकाला तेहतीस आर तेहतीस चौरस मीटर मिळतात, आणि तिघांची बेरीज ९९९९ होते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ मध्ये लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद आहे, पण हा लेखनप्रमाद नव्हे. उरलेला एक चौरस मीटर तिघांपैकी कोणाच्या ओळीत मिळवायचा हे भागाकार करण्यापूर्वी कोणीतरी ठरवून आज्ञावलीत लिहून ठेवलेले असावे लागते.