ताट वाढण्याआधी आडनाव कशाला?

मांडव्याला बोटीतून उतरून अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड करत आगरदांड्याच्या फेरीबोटीने दिघीला जायचे आणि पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. शनिवार-रविवारी निम्मी मुंबई आणि पुणे याच रस्त्यावर असते. भूक लागली की पाट्या दिसू लागतात: 'आगरी-कोळी जेवण', 'मालवणी थाळी', 'घरगुती ब्राह्मणी जेवण', 'शुद्ध शाकाहारी'. इतर पर्यटकांना त्यात मेनू दिसतो, आम्हाला आधी जात दिसते. आमची नजर वाकडी म्हणून नव्हे, तर पाटीवर तीच लिहिलेली आहे म्हणून.

दिवेआगरपासून हरिहरेश्वरपर्यंत घरगुती जेवण बहुतेक ठिकाणी आधी सांगावे लागते. त्यात गैर काही नाही, मोदकाची उकड काढायला वेळ लागतोच. अशाच एका ठिकाणी मी फोन केला. किती माणसे, किती वाजता येणार, हे ठरले. मग पलीकडून प्रश्न आला, "आडनाव काय म्हणालात?" मी म्हणालोच नव्हतो. सांगितले. थोडे थांबून उत्तर आले, "बघते हं, कळवते." फोन काही आला नाही.

कोणी म्हणेल, जागा नसेल. नसेलही. पण ज्याला आडनावाची भीती नाही, तो जागा मिळाली नाही की गर्दीला दोष देऊन दुसरीकडे वळतो. आम्हाला मात्र जेवणाआधी हा हिशेब करत बसावे लागतो. जात आज अशीही जगते: ना शिवी, ना मारहाण, फक्त एक न आलेला फोन.

यावर ठरलेला युक्तिवाद असा की, 'ब्राह्मणी' ही चव आहे. गोडा मसाला, चिंचगुळाची आमटी, अळूचे फदफदे. मग 'आगरी' पाटी चालते तर ही का नको? प्रश्न रास्त आहे. चवीला समाजाचे नाव असायला माझी हरकत नाही. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडक्यात भाजलेली पोपटी ही रायगडचीच, तिचा अभिमान कोणीही मिरवावा. पण मग आमच्या चवीची पाटी कुठे आहे? शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद केली, ते साल होते 2015. ते अन्न आजही पुस्तकात आहे, हमरस्त्यावरच्या पाटीवर नाही. ज्या बाजारात एका जातीचे नाव लावले की गिऱ्हाईक वाढते आणि दुसरीचे लावले की पळते, तिथे विकली जाते ती नुसती चव नव्हे. 'शुद्ध' हा शब्द तर मसाल्याबद्दल बोलतच नाही, हातांबद्दल बोलतो.

आणि हे घडते कोणत्या जिल्ह्यात? हरिहरेश्वरजवळ समुद्राला मिळणारी सावित्री नदी महाडवरून येते. त्याच महाडला 1927 च्या मार्चमधल्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. 20 मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. पाठोपाठ वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा पसरवली गेली आणि मंडपात जेवत असलेल्या आमच्या माणसांवर जमाव चालून गेला. अन्न मातीत कालवले गेले. आपण तळ्याचे पाणी लक्षात ठेवतो, ती मातीत गेलेली ताटेही लक्षात ठेवली पाहिजेत. महाडचा लढा पाण्याचा होता, तसा पंगतीचाही होता.

हॉटेल ही मुळातच पंगत मोडणारी जागा आहे. आजचे रेस्टॉरंट अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये आकाराला आले: वेगळे टेबल, लिहिलेले दर, पैसे देईल तो गिऱ्हाईक. पैसा नसलेला तिथेही बाहेरच राहिला, हे खरे. पण आडनावाने होणारी अडवणूक आणि खिशाने होणारी अडवणूक यांत फरक आहे. खिसा बदलता येतो. छत्रपती शाहू महाराजांनी ही जागा नेमकी ओळखली होती. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना त्यांनी हॉटेल काढून दिले आणि स्वतः तिथला चहा घेतला. राजाने चहा प्यायला की सोबतच्यांना 'नको' म्हणणे अवघड झाले.

आज राजाच्या चहाची वाट पाहण्याची गरज नाही. संविधानाच्या कलम 15(2) मध्ये विहिरी-तळ्यांबरोबर दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेलेही आहेत. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात 'हॉटेल' या शब्दात खानावळ आणि लॉजही येतात. म्हणजे पैसे घेऊन पाहुणे ठेवणाऱ्याला 'हे तर आमचे घर' एवढे सांगून सुटता येऊ नये.

म्हणून मागणी साधी आहे. घरगुती निवास-न्याहारीच्या सरकारी नोंदणीत जात विचारणार नाही, ही अट ठळक असावी आणि ती मोडली तर नोंदणी रद्द व्हावी. ओळखपत्र बघायचे तर दाराशी बघा, सगळ्यांचे बघा. जेवणाची ऑर्डर घेताना नको. आणि आपल्या बचतगटांच्या बायांनी याच रस्त्यावर सुकट-भाकरीची, कुळथाच्या पिठल्याची खानावळ काढावी, स्वतःच्या नावाने. आपण पर्यटक म्हणून जातो तेव्हा पहिले ताट तिथे मागवावे.

पुढच्या वेळी कोणी फोनवर आडनाव विचारले, तर उलट विचारा: "जेवण नावावर वाढता की पोटावर?"

जय भीम!