वस्तादांचें पदक

१८८६ सालीं उघडलेल्या आणि आज महात्मा फुले यांचें नांव धारण करणाऱ्या आपल्या मंडईंत मी दर शनिवारीं भाजी आणावयास जातों. तेथील एका गाळ्यावर माझा जुना विद्यार्थी बसतो. शाळेंत असतां तो पहाटे तालमींत जाई व इतिहासाच्या पहिल्या तासास डुलक्या घेई. "शाळा कीं तालीम, एक काय तें ठरव," असें मीं त्यास सर्वांदेखत बजाविलें. त्यानें तालीम सोडली.

परवां त्याच्या तागडीमागें एका धिप्पाड मल्लाची तसबीर दिसली. "हे कोण रे?" मीं विचारलें.

"सर, आपण इतिहास शिकवितां, आणि बिराजदार वस्तादांना ओळखत नाहीं?"

मी ओशाळलों. वांगीं निवडण्याचें सोडून तो सांगूं लागला. हरिश्चंद्र बिराजदार हे निलंगे तालुक्यांतील रामलिंग मुदगडचे. कोल्हापुरास गंगावेस तालमींत त्यांनीं मेहनत केली. १९६९ सालीं ते महाराष्ट्र केसरी झाले व १९७० सालीं एडिंबरोच्या राष्ट्रकुल सामन्यांत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. एवढें तर पुष्कळांस ठाऊक असतें. पण माझ्या विद्यार्थ्याचा स्वर हळवा झाला तो पुढील हकिकतीनें. कुस्ती थांबल्यावर ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमींत वस्ताद झाले. स्वतः डाव मारणें निराळें आणि दुसऱ्याच्या अंगीं तो उतरविणें निराळें. कित्येक नामांकित मल्लांस हें दुसरें साधत नाहीं. बिराजदारांस तें साधलें. काका पवार त्यांच्याच हाताखालीं घडले. बीड जिल्ह्यांतील पाटोद्याचा राहुल आवारे हाही त्यांचाच पठ्ठा.

सप्टेंबर २०११ मध्यें वस्ताद निवर्तले. राहुलची जबाबदारी काका पवारांनीं पत्करली. म्हणजे एका शिष्यानें दुसऱ्यास हातीं धरिलें. १२ एप्रिल २०१८ रोजीं ऑस्ट्रेलियांतील गोल्ड कोस्ट येथें, ५७ किलो वजनगटांत, राहुलनें कॅनडाच्या ताकाहाशीस १५–७ असें हरवून राष्ट्रकुल सुवर्णपदक जिंकलें आणि तें आपल्या दिवंगत वस्तादांस अर्पण केलें. गुरूच्या पदकानंतर ४८ वर्षांनीं!

"त्या रात्रीं मी रडलों, सर," तो म्हणाला. मला दिलेला दोष त्यांत नव्हता. तरी पिशवी उचलतांना माझा हात जड झाला.

त्याचा धाकटा मुलगा यंदा माझ्याच वर्गांत आहे, आणि पहाटे तालमींत जातो. सोमवारीं मुख्याध्यापकांस विनंती करून मीं इतिहासाचा तास पहिल्याचा चौथा करून घेतला.