देवदूतांचें शहर पुएब्ला

प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा अधिकार नाहीं. पंढरपूर, काशी व एकदां रामेश्वर, एवढाच आमचा आजवरचा पल्ला. परंतु आमचे जांवई गेलीं तीन वर्षें मेक्सिको देशांतील पुएब्ला शहरीं एका मोटारींच्या कारखान्यांत एंजिनियर आहेत, आणि 'एकदां तरी येऊन जा' हें कन्येचें पालुपद ऐकून ऐकून शेवटीं आमच्या सौभाग्यवतींनींच आमचा नकार मोडून काढला. दोन महिने तेथें राहिलों. जें पाहिलें त्यांतील पुष्कळसें कोणत्याही माहितीपुस्तकांत सांपडेल. परंतु एक गोष्ट अशी आढळली कीं, ती वाचकांस सांगितल्यावांचून राहवेना, म्हणून हा लेख.

पुएब्ला हें समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांहून अधिक उंचीवर, वेराक्रूझ बंदर आणि मेक्सिकोची राजधानी यांच्या दरम्यान वसलेलें आहे. स्पॅनिश लोकांनीं तें १५३१ सालीं वसविलें. राजधानी त्यांनीं जुन्या आस्तेक नगरीच्या उरावर उभारली. येथें मात्र मोकळी जागा पाहून, दोरी धरून, नवें गांव आंखलें. त्यामुळें रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ. रस्त्यांना बहुधा अंक व पुढें दिशा: '५ पूर्व', '४ दक्षिण'. भूमितीच्या शिक्षकास याहून सुखाचें गांव सांपडणार नाहीं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही एकटे हिंडूं लागलों आणि एकदांही चुकलों नाहीं. पुण्याच्या पेठांत इतकीं वर्षें काढूनही आम्हांस असें म्हणतां येत नाहीं. शहराची जागा बिशप गार्सेस यांस देवदूतांनीं स्वप्नांत दाखविली अशी कथा आहे, म्हणून त्याचें जुनें नांव 'देवदूतांचें पुएब्ला'. प्रत्येक क्षेत्राचें माहात्म्य अशाच एखाद्या स्वप्नापासून सुरू होतें, तेव्हां आम्हांस तें परकें वाटलें नाहीं.

पश्चिमेस दोन हिमाच्छादित पर्वत दिसतात. दोहोंचींही शिखरें सतरा हजार फुटांच्या वर. नाहुआत्ल या तेथील मूळच्या भाषेंत एकाचें नांव पोपोकातेपेत्ल म्हणजे धूम्रगिरि, व दुसऱ्याचें इस्ताक्सिहुआत्ल म्हणजे श्वेतांगना. धूम्रगिरि १९९४ च्या डिसेंबरांत पुन्हां जागा झाला व तेव्हांपासून अधूनमधून राख ओकतो. कांहीं सकाळीं आमच्या कन्येस सज्जांतील तुळस पाण्यानें धुऊन काढावी लागे. तुळशीवर ज्वालामुखीची राख पडलेली पाहण्याचा प्रसंग किती गृहस्थांच्या वांट्यास येत असेल!

शहरांतील देवळांविषयीं थोडक्यांत सांगतों, कारण त्यांची संख्या मोठी आणि आमचें ज्ञान बेताचें. मुख्य देवालयाचें काम १५७५ सालीं सुरू झालें व १६४९ सालीं त्याची प्रतिष्ठा झाली. त्याचे दोन मनोरे सुमारें सत्तर मीटर उंच आहेत. सांतो दोमिंगो या देवळांतील 'रोझरी'ची उपशाला १६९० सालची. भिंतीपासून घुमटापर्यंत सोन्याच्या वर्खानें मढविलेली; तिळभर जागा मोकळी म्हणून सोडलेली नाहीं. लोक तिची अपार स्तुति करतात. आम्हांस मात्र तेथें फार वेळ बसवेना. ज्या टेकडीवर १८६२ सालच्या मे महिन्याच्या पांच तारखेस जनरल सारागोसा यानें फ्रेंच सैन्यास मागें रेटलें, तेथील किल्लेही पाहिले.

याहून आम्हांस आवडलीं तीं तेथील घरें. भिंतींस लाल विटा आणि मधून मधून निळ्या-पांढऱ्या झिलईच्या फरशा. ही 'तालावेरा' नांवाची कुंभारकला स्पेनमधून सोळाव्या शतकांत आली. परंतु नीट पाहिलें असतां फरशीवरील पक्षी, वेली व निळा रंग यांत चीन देशाची छाया दिसते, आणि तें खरेंही आहे. १५६५ पासून १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशें वर्षें, स्पॅनिश गलबतें फिलिपाइन बेटांतील मनिलाहून पॅसिफिक ओलांडून मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरास येत. रेशीम, मसाले, चिनी मातीचीं भांडीं, हा त्यांतील मुख्य माल. दुसराही एक माल त्यांतून येई. त्याविषयीं पुढें येईल.

आतां आमच्या सारख्यांचा मोठा प्रश्न म्हणजे पोटाचा. पुएब्लाचें 'मोले' प्रसिद्ध आहे: अनेक जातींच्या मिरच्या, मसाले व कोको यांचें दाट कालवण, परंतु तें टर्की नामक पक्ष्याच्या मांसावर ओतून देतात. घेवड्याची उसळ दिसावयास निर्दोष, पण पुष्कळ ठिकाणीं ती डुकराच्या चरबीवर परतलेली असते, हें कन्येनें पहिल्याच दिवशीं बजावलें. मग उरलें काय? मक्याची तोर्तिया, पुएब्लाच्या थोराड हिरव्या मिरच्यांची भाजी, आणि चक्क फड्या निवडुंगाची भाजी! कांटे काढून, चिरून, भाजलेलीं तीं पानें चवीस भेंडीच्या जवळपास जातात. तोर्तियेसाठीं मका चुन्याच्या पाण्यांत शिजवून रात्रभर भिजत ठेवतात व मग वाटतात. या रीतीनें धान्यांतील एक आवश्यक जीवनसत्त्व अंगीं लागतें, हें आधुनिक शास्त्रानें मान्य केलें आहे. आपल्या वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे १९२४ सालीं मेक्सिकोस आले आणि पर्वतांच्या पलीकडच्या अंगास चापिंगो येथील कृषिविद्यालयांत अध्यापक झाले. याच मक्यावर त्यांनीं वर्षानुवर्षें संशोधन केलें. दियेगो रिव्हेरा या नामांकित चित्रकारानें त्यांस आपल्या भित्तिचित्रांत स्थान दिलें. मायदेशीं परतल्यावर ते १९६७ सालीं नागपुरास वारले. त्यांचें नांव तेथें एका वृद्ध अध्यापकाच्या तोंडून ऐकलें तेव्हां आमची छाती थोडी फुगली, हें लपवीत नाहीं.

एकादशीस मौज झाली. मिठाईवाल्यांची एक गल्लीच तेथें आहे. त्यांत रताळ्याची पाकवलेली मिठाई ही पुएब्लाची खास वस्तु. शेजारच्या टोपलींत राजगिऱ्याच्या वड्या! हुबेहूब आपल्या, फक्त नांव 'आलेग्रिया', म्हणजे आनंद. आमच्या सौभाग्यवतींनीं दोन्ही घेतल्या व निश्चिंतपणें उपवास साजरा केला. त्यांस आम्हीं सांगितलें कीं, राजगिरा मूळचा याच देशचा; रताळें, बटाटा, शेंगदाणा हींही अमेरिका खंडांतून आलीं; आपल्या पूर्वजांच्या उपवासाच्या ताटांत कोलंबसापूर्वीं यांतलें कांहींएक नव्हतें. त्या म्हणाल्या, "अहो, मग त्या गलबतांनीं आपलें बरेंच केलें म्हणायचें." त्या वेळीं आम्हांस यावर उत्तर सुचलें नाहीं.

देवालयास लागूनच पालाफोक्सियाना ग्रंथालय आहे. आमच्या मतें पुएब्लाचें खरें दैवत तें. १६४६ सालीं बिशप हुआन दे पालाफोक्स यानें आपलीं पांच हजार पुस्तकें विद्यालयास दान दिलीं, आणि अट अशी घातली कीं, तीं केवळ पाठशाळेच्या विद्यार्थ्यांसाठीं नसून, ज्यास वाचतां येतें अशा कोणासही खुलीं असावीं. सध्यांचें दालन १७७३ सालचें, लांबी सुमारें त्रेचाळीस मीटर. देवदाराच्या कोरीव कपाटांचे एकावर एक तीन मजले, त्यांत पंचेचाळीस हजारांवर ग्रंथ. हेरोडोटसच्या इतिहासाची १४७३ सालीं छापलेली प्रत तेथें आहे. लॅटिन, ग्रीक, हिब्रू! काशींतील आमच्या गुरुजींच्या पोथ्या आम्हांस आठवल्या. त्या रुमालांत बांधलेल्या असत आणि कोणास दाखवावयाच्या व कोणास नाहीं याचे नियम कडक होते. पालाफोक्सची ती अट वाचून आम्ही अंमळ ओशाळलों.

त्याच सुमारास, त्या ग्रंथालयापासून थोड्या रस्त्यांच्या अंतरावर, एक हिंदुस्थानची बाई राहत होती. तिला वाचतां येत नव्हतें.

तिची हकीकत अशी. सतराव्या शतकाच्या आरंभीं मोगली मुलखांतील एक लहान मुलगी पोर्तुगीज चांच्यांच्या हातीं सांपडली. तिला कोचीनला नेण्यांत आलें. तेथें तिचा बाप्तिस्मा झाला व कातारिना दे सान हुआन हें नवें नांव मिळालें. तेथून मनिला, मनिलाच्या बाजारांत विक्री, आणि त्या रेशमाच्या व मसाल्याच्या गलबतांतून आकापुल्को. पुएब्लाच्या मिगेल दे सोसा नांवाच्या कप्तानानें तिला विकत घेतलें. पूर्वेकडून आलेल्या सर्वच दासांना तेथें 'चिनो' म्हणत, मग ते कोणत्याही देशचे असोत. म्हणून ही 'चिना'. मालक वारल्यावर ती मुक्त झाली. एका चिनी दासाशीं तिचें लग्न लावण्यांत आलें, पण तिनें ब्रह्मचर्य सोडलें नाहीं. पुढचें सारें आयुष्य तिनें जप, उपवास व ध्यान यांत घालविलें. तिला दृष्टांत होत, आणि लहानथोर तिच्या आशीर्वादास येत. १६८८ सालच्या जानेवारीच्या पांच तारखेस ती वारली तेव्हां सारें शहर लोटलें होतें. आशियाई दासांची सुटका राजाज्ञेनें झाली ती १६७२ सालीं. म्हणजे तिचें आयुष्य बहुतेक सरलें तेव्हां.

तिच्या पुरोहितांपैकीं आलोन्सो रामोस यानें १६८९ ते १६९२ च्या दरम्यान तिचें तीन खंडांचें चरित्र छापलें. परंतु त्यांतील चमत्कार धर्मन्यायासनास खपले नाहींत. आधीं स्पेनमध्यें व १६९६ सालीं मेक्सिकोंत त्या ग्रंथावर बंदी आली. पुरोहित म्हणतात ती राजकन्या होती. असेल, दासीची संत करावयाची तर आधीं तिला राजकन्या करावी लागते, हा सर्व देशांतल्या चरित्रकारांचा शिरस्ता आहे. स्पॅनिश भाषा तिला अखेरपर्यंत नीट आली नाहीं, असेंही तेच लिहितात. पण मग ती स्वप्नांत कोणत्या भाषेंत बोलत होती? मरतेवेळीं कोणत्या? तीन खंड लिहिणाऱ्यास हें विचारावेंसें वाटलें नाहीं.

दुकानांतून हल्लीं 'चिना पोब्लाना' नांवाच्या बाहुल्या मिळतात: चमकीचा लाल-हिरवा परकर, नक्षीची चोळी, खांद्यावर ओढणी. हा वेष हिंदुस्थानांतून तिनें नेला असें सर्व सांगतात व आमच्या सौभाग्यवतींची तशी खात्री आहे. वस्तुतः तो वेष एकोणिसाव्या शतकांतील मेक्सिकन स्त्रियांचा. आणि आमची तपस्विनी तर साध्या जाड्याभरड्या वस्त्रांत राहिली. या मुद्यावर आमच्या घरीं अद्याप एकमत नाहीं.

तिची समाधि जेझुइटांच्या 'ला कोम्पान्यिया' या देवळांत आहे. हल्लींची इमारत १७६७ सालीं पुरी झाली, आणि त्याच सालीं स्पेनच्या राजानें जेझुइटांस हद्दपार केलें! आम्ही गेलों तेव्हां पुजाऱ्यांचीं वस्त्रें ठेवण्याची ती आंतली खोली बंद होती. देवळाच्या सेवेकऱ्यानें हात हलविले. कन्येनें त्याला सांगितलें, "हे माझे आईवडील; हिंदुस्थानांतून आले आहेत." तो क्षणभर थांबला, आमच्या सौभाग्यवतींच्या लुगड्याकडे पाहिलें, आणि किल्ल्यांचा जुडगा काढला.

खोली थंड व काळोखी होती. तिच्या नांवाची पाटी होती. आम्ही काय करावें, हात जोडावे कीं नाहीं, या विचारांत उभे होतों. धर्मांतर झालेली, परक्या देवळांत पुरलेली; शास्त्रांत याला उत्तर असेल, पण तें त्या वेळीं आम्हांस आठवेना. तेवढ्यांत आमच्या सौभाग्यवती पुढें झाल्या, पाटीला हात लावला आणि अगदीं हळू म्हणाल्या, "पोरी, माहेरचीं माणसें आलीं आहेत हो."

बाहेर आल्यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "राजगिरा आला त्याच गलबतांनीं हिला नेलें का हो?" आम्हीं सांगितलें, तींच नव्हेत, पण धंदा एकच.

सेवेकरी आमच्या मागोमाग आला होता. त्याच्या हातांत एक वही होती. तिचें जुनें नांव 'मिर्रा' होतें असें परंपरा सांगते. तें आमच्या अक्षरांत लिहून द्यावें, अशी त्याची इच्छा. आम्हीं लेखणी हातीं घेतली आणि अडलों. स्पॅनिश भाषेंत 'मिर्रा' म्हणजे हिराबोळ, जो आपल्याकडे बाळंतिणीस देतात. परक्या कानांनीं ऐकून ओळखीच्या शब्दांत बसविलेलें तें नांव. मूळ काय असेल? मीरा? मेहेर? अमीरा? ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांवर चाळीस वर्षें आम्हीं तांबड्या शाईच्या रेघा मारल्या, आणि येथें एका मुलीच्या दोन अक्षरांपुढें आमचा हात चालेना.

"मीरा लिहा," सौभाग्यवती म्हणाल्या.

आम्हीं 'मीरा' असें लिहिलें. सेवेकऱ्यानें तीं अक्षरें वही फिरवून फिरवून पाहिलीं व कसें उच्चारावयाचें तें विचारलें. आम्हीं एकदां म्हणून दाखविलें. त्यानें मान डोलविली, आणि रकारावर जोर देऊन म्हणाला, "मिर्रा."