तीनशे रुपयांत खांदेरी

रविवारी दुपारी आमच्या पडवीत सहा मुलं तीन-चार तास बसतात, फोन बाजूला ठेवून. हे बघून गेल्या काही महिन्यांत बऱ्याच पालकांनी आणि दोन शिक्षकांनी मला विचारलं, "हा कसला खेळ? आणि याला खर्च किती येतो?" दुसरा प्रश्न जरा दबकतच येतो. खेळ परदेशी, नाव इंग्रजी, म्हणजे महाग असणार, असं गृहीत धरलेलं असतं. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा इथे एकदाच लिहिते.

आधी खेळ काय ते सांगते. इंग्रजीत त्याला टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणतात. आमची मुलं म्हणतात गोष्टीचा खेळ. एकजण सूत्रधार होतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. सूत्रधार सांगतो, "रात्र आहे, ओहोटी लागली आहे, समोर पहाऱ्यावरची मशाल दिसते आहे. काय करता?" प्रत्येकजण आपापल्या पात्राचं सांगतो. कुणी पोहत जातो, कुणी पहारेकऱ्याशी गप्पा मारून त्याला गुंतवतो. जे जमेल की नाही याची खात्री नसते, ते फासा टाकून ठरवायचं. आणि गोष्ट पुढे सरकते. एकाने जिंकायचं आणि दुसऱ्याने हरायचं असं यात नाही. सगळ्यांना मिळून काहीतरी पार पाडायचं असतं.

या प्रकारचा छापून विकला गेलेला पहिला खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोन अमेरिकनांनी तो १९७४ मध्ये काढला. आजही सगळ्यांत जास्त नाव त्याचंच. त्याची मुख्य पुस्तकं तीन, आणि २०२४ च्या आवृत्तीत प्रत्येकाची छापील किंमत पन्नास डॉलरच्या आसपास. म्हणजे तिन्हींचे बारा हजार रुपयांच्या वर. शिवाय निरनिराळ्या आकारांचे फासे, रंगवलेल्या छोट्या मूर्ती, नकाशे. दुबईला भावाच्या घरी मी हे सगळं पहिल्यांदा पाहिलं. भाचरं खेळत होती, मी शेजारी बसून बघत होते. आवडलं खूप. पण परत येताना मनात एकच होतं, की आमच्या गल्लीत हे कोण विकत घेणार?

कुणीच घेऊ नये, असं आता मी सांगते. कारण यातलं जे खरोखर लागतं, ते जवळजवळ सगळं फुकट आहे, आणि तेही रीतसर.

२०२३ च्या जानेवारीत या खेळाच्या कंपनीने परवान्याचे जुने नियम बदलायचं ठरवलं होतं. तो मसुदा बाहेर फुटला आणि जगभरचे खेळाडू भडकले. शेवटी कंपनीने माघार घेतली आणि खेळाच्या मूळ नियमांचा सुमारे चारशे पानांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. त्याचं नाव एसआरडी ५.१. तो उतरवून घ्या, छापा, बदला, भाषांतर करा, अगदी विका. अट एकच, मूळ कुणाचं ते ठरवून दिलेल्या शब्दांत लिहायचं. हा परवाना मागे घेता येत नाही. म्हणून व्हॉट्सॅपवर फिरणाऱ्या चोरीच्या पीडीएफ घेऊ नका. दुसऱ्याचा हक्क मारण्याची गरजच उरलेली नाही.

चारशे पानं जास्त वाटली तर त्याहून सोपं बरंच आहे. बेसिक फँटसी नावाचा खेळ पूर्ण फुकट मिळतो. केर्न हा योचाई गाल यांचा खेळ त्याहून लहान आहे, त्याचे मजकूर-नियम मोफत आहेत. आणि जॉन हार्पर यांचा लेझर्स अँड फीलिंग्ज तर एका पानात संपतो. नवशिक्यांनी तिथूनच सुरुवात करावी. त्यात प्रत्येक पात्राला एकच आकडा असतो, दोन ते पाचमधला. आकडा मोठा असेल तर पात्र यंत्रं आणि हिशोबात तरबेज, लहान असेल तर माणसं जिंकण्यात. डोक्याचं काम असेल तर फासा आपल्या आकड्याच्या खाली पडायला हवा, मनाचं काम असेल तर वर. बस. मूळ गोष्ट अंतराळातली आहे, ती आम्ही किनाऱ्यावर आणली आणि नाव ठेवलं 'हात आणि तोंड'. हाताचं काम खाली, तोंडाचं वर. पाचवीतल्या मुलीला समजावायला मला चार मिनिटं लागली.

आता फाशांचं. हा आमच्या घरातला नाजूक विषय.

मी सहा बाजूंचे साधे दोन फासे आणले आणि अम्मीने ते ओट्यावर पाहिले. "घरात फासे नकोत," एवढंच म्हणाली. आपल्या वाचकांना हे सांगायला नको, इतरांसाठी सांगते. नर्द नावाच्या फाशांच्या खेळाबद्दल हदीसमध्ये कडक शब्द आहेत. पैज नसली तर तो हराम की मकरूह, यावर जुन्या फकीहांमध्ये एकमत नाही. मी ते अम्मीला सांगून पाहिलं. तिला त्या चर्चेत रस नव्हता. तिचं म्हणणं सरळ होतं. दुसऱ्यांची मुलं आपल्या दारात येतात, त्यांच्या आयांना काय वाटेल ते आधी बघ. पत्त्यांचा तर प्रश्नच नव्हता.

मग तिनेच विचारलं, "चिठ्ठ्या नाही का चालणार? हजची नावंसुद्धा कुर्रा काढूनच निघतात." चालतात की! एक ते सहा आकड्यांच्या चिठ्ठ्या पिशवीत टाकल्या की झाला सहा बाजूंचा फासा. डंजन्स अँड ड्रॅगन्सला वीस बाजूंचा फासा लागतो, तो दुकानात सहज मिळत नाही. त्यासाठी कपाटातला तंबोल्याचा डबा काढला. त्यातले एक ते वीस आकडे पिशवीत. एक नियम मात्र पाळायचा, काढलेला आकडा लगेच परत टाकून पिशवी हलवायची. नाही टाकला तर कुठले आकडे उरलेत यावरून मुलं बरोबर अंदाज बांधतात, आणि मग "आता मी वाघाशी लढतो" असं म्हणणारा पोरगा शूर नसतो, हिशोबी असतो.

ही काही गरिबांची तडजोड नाही. १९७९ च्या सुमारास अमेरिकेत या फाशांचा तुटवडा पडला, तेव्हा खुद्द मूळ कंपनीने डब्यात फाशांऐवजी कापून वापरायचे पुठ्ठ्याचे आकडे घातले होते. मूर्तींचंही तसंच. त्या खेळातला अर्धा अस्वल-अर्धा घुबड असा राक्षस आणि लोखंड खाणारा राक्षस आज जगप्रसिद्ध आहेत. ते गायगॅक्स यांना सुचले हाँगकाँगच्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यांवरून. जत्रेत मिळतात तशी ती जनावरं. आमच्याकडे पात्रं म्हणजे शिंपले, शत्रू म्हणजे चिंचोके, आणि सरदार शत्रू म्हणजे बाटलीचं झाकण. नकाशाला गणिताची चौकोनांची वही. भुयारांचे तयार नकाशे हवे असतील तर डायसन लोगोस या नावाने काढणारा एक कॅनडातला नकाशाकार आहे, त्याचे ढीगभर नकाशे फुकट आहेत. कोपऱ्यावर झेरॉक्स काढली की काम झालं.

आमचा वर्षभराचा खर्च मी लिहून ठेवला आहे. चौकोनी वह्या दोन, पेन्सिली, खोडरबर, झेरॉक्स, पिशवीला नाडी. सगळं मिळून तीनशे रुपयांच्या आत. तंबोला घरचाच.

जे फुकट मिळत नाही ते वेगळंच आहे. पहिलं म्हणजे भाषा. सगळे नियम इंग्रजीत. आमच्या सहांपैकी दोन मुलं उर्दू माध्यमाची, चार मराठी. परवाना भाषांतराची मोकळीक देतो, पण भाषांतर करून देत नाही. चारशे पानांतलं आम्हाला लागणारं मी चार पानांत मराठीत लिहिलं. 'हिट पॉइंट्स'ला काय म्हणायचं यावर मी दोन दिवस अडले होते. 'जीवनबिंदू' म्हणून पाहिलं, मुलं हसली. एक मुलगी म्हणाली, "दम म्हणा ना." तेव्हापासून "तुझा दम किती उरला?" एवढंच. उर्दूवाल्यांना चालला, मराठीवाल्यांना चालला. संकटातून वाचण्यासाठी जी चिठ्ठी काढतात, तिचं नाव पडलं 'वाचलो का'. असे वीसेक शब्द बनले आणि खेळ आमचा झाला.

दुसरं म्हणजे गोष्ट. तयार गोष्टी फुकट पुष्कळ मिळतात, पण त्या बर्फातल्या सराया आणि ड्रॅगनच्या. गंमत म्हणजे त्या खेळातले जिन्न, इफ्रीत, रॉक पक्षी, घूल हे सगळे अरबी कथांतूनच तिकडे गेलेले. ते आपल्या वाचनालयांत कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं'च्या रूपाने कधीचे बसलेत. तेही वापरले. मग मुलांनी मागणी केली, किल्ला पाहिजे.

किल्ला म्हटल्यावर मी जरा थबकले. पडवीत बसलेल्या सहांत तीन आमच्यातले, तीन कोळी-भंडारी. किल्ल्याचा खेळ मुलं शाळेच्या मैदानातही खेळतात, आणि तिथे शत्रू कोण व्हायचं हे न ठरवताच ठरलेलं असतं. आमचा एक नववीतला मुलगा किल्ल्याचं नाव निघालं की स्वतःच्या पात्राचं नाव जॅक ठेवायचा. का, ते मी त्याला कधी विचारलं नाही. मला माहीत होतं.

थळच्या किनाऱ्यावरून समोर खांदेरी दिसतो. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तो बांधायला घेतला, अगदी मुंबई बंदराच्या तोंडाशी, म्हणून इंग्रजांनी जहाजं आणून वेढा घातला. बेटावर मायनाक भंडारी. त्याला मदत पोहोचवणाऱ्या आरमाराचा सरदार दौलतखान. इंग्रजांची जहाजं मोठी, वाऱ्यावर अवलंबून. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ पाण्यात वल्ह्यांनी चालणाऱ्या, रात्री वेढा चुकवून बेटावर सामान टाकून येणाऱ्या. ऑक्टोबरच्या लढाईत इंग्रजांचं 'डव्ह' नावाचं जहाज मराठ्यांच्या हाती लागलं. जंजिऱ्याचा सिद्दी इंग्रजांच्या बाजूने आला आणि १६८० च्या सुरुवातीला त्याने शेजारची उंदेरी धरली. म्हणजे एका बाजूला खान आणि भंडारी, दुसऱ्या बाजूला सिद्दी आणि इंग्रज. सूत्रधाराला आणखी काय हवं? काळोखी रात्र आहे, भरती-ओहोटी आहे, भुकेलं बेट आहे, आणि समोर तोफा. यातलं काहीही मला रचावं लागलं नाही.

मी एवढं सांगून विचारलं, "कोण कोण होणार?" दोन हात वर आले, दोघांनाही दौलतखान व्हायचं होतं. एक आमचा जॅक. दुसरा एक भंडाऱ्याचा मुलगा, कारण आरमार दौलतखानाचं आणि त्याला होड्या हव्या होत्या. भांडण मिटेना, म्हणून पिशवी पुढे केली. भंडारी मुलाचा आकडा मोठा निघाला. आमच्या जॅकने मिनिटभर तोंड पाडलं, मग म्हणाला, "मग मी मायनाक भंडारी."

तीन रविवार तो मायनाक होता. तिसऱ्या रविवारी दाणागोटा संपला, दम दोनवर आला, आणि तो दुसऱ्याला म्हणाला, "खानसाहेब, आज होडी आली नाही तर उद्या बेट नाही." खानसाहेबांनी पिशवीत हात घातला. सतरा. पडवीत जो ओरडा झाला त्याने अम्मी नमाजच्या खोलीतून बाहेर आली आणि सगळ्यांना रागावली.

मैदानातले खेळ यामुळे बदलले असं मी म्हणणार नाही, मला तिथलं दिसत नाही. पण जॅक पुन्हा आला नाही, एवढं खरं. हल्लीच्या पात्राचं नाव त्याने स्वतःच्या पणजोबांवरून ठेवलं आहे, ते तांडेल होते.

सुरू करायचं असेल तर या रविवारी एवढंच करा. एका पानाचा नियम घ्या आणि आपल्या बोलीत लिहा. सहा चिठ्ठ्या करा. गावाजवळची एखादी खरी जागा निवडा, बुरूज, बारव, धक्का, काहीही. तिथे कुणाला तरी काहीतरी तातडीने पोहोचवायचं आहे, एवढी गोष्ट पुरते. मुलं चारपेक्षा कमी नकोत, सहापेक्षा जास्त नकोत. आणि पैसे उरलेच तर महागडं पुस्तक घेऊ नका, बिस्किटांचे पुडे घ्या. तिसऱ्या तासाला सगळ्यांचाच दम संपलेला असतो.