बायरिशर प्लाट्झच्या पाट्या

बर्लिन, बुधवार

प्रिय ताई,


सुखरूप पोचले. शॉनेबर्ग भागात बायरिशर प्लाट्झ या चौकाजवळ उतरले आहे. हिटलर येण्यापूर्वी इथं डॉक्टर, वकील अशी ज्यू कुटुंबं मोठ्या संख्येनं राहायची. आइनस्टाइनचं घरही इथलंच.

इथल्या दिव्यांच्या खांबांवर, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, चित्रांच्या पाट्या आहेत. एकीवर पाव आहे, अगदी बालवाडीतल्या तक्त्यावर असतो तसा. मागच्या बाजूला जर्मनमध्ये दोन ओळी. घरमालकीणबाईंनी अर्थ सांगितला : बर्लिनच्या ज्यूंनी खाण्याचे जिन्नस दुपारी चार ते पाच एवढ्याच वेळात विकत घ्यावेत. खाली तारीख, ४ जुलै १९४०. दिवसभराची गिऱ्हाइकं येऊन गेल्यावर त्या तासाभरात दुकानात काय उरत असेल गं? आणि ज्याला चालवत नाही, त्यानं काय करायचं?

पुढच्या एका खांबावर मांजर. १५ फेब्रुवारी १९४२ पासून ज्यूंना घरात प्राणी पाळायची बंदी. तोवर बर्लिनमधून माणसांना गाड्या भरभरून न्यायला सुरुवात झाली होती, तरी मांजरासाठी वेगळा हुकूम काढायला कुणाला तरी सवड होती. ते वाचून आपली मनी आठवली आणि पुढे पाऊल उचलेना.

शुक्रवार

काल उरलेल्या पाट्या शोधत हिंडले. एकूण ८० आहेत. रेनाटा श्टिह आणि फ्रीडर श्नॉक या कलावंतांनी १९९३ मध्ये त्या लावल्या. लावताना रहिवासी हादरले, हे नवे ज्यूद्वेष्टे आले की काय म्हणून तक्रारी झाल्या. मग हे स्मारक आहे असं सांगणाऱ्या छोट्या पट्ट्या जोडल्या गेल्या.

मला हे काम फार मोठं वाटतं. घोड्यावरचे सेनापती सगळ्याच शहरांत असतात. इथं शहरानं स्वतःचे हुकूम, जे शेजाऱ्यांनी वाचले आणि पाळले, ते शाळेच्या, दुकानाच्या वाटेवर पुन्हा टांगले आहेत. ठिक्करबिल्ल्याच्या चित्रामागे काय आहे माहितेय? आर्य आणि अनार्य मुलांनी एकत्र खेळू नये, १९३८. त्याच्याखालून आज मुलं दप्तरं घेऊन जातात.

उद्या बेबेलप्लाट्झला जाणार आहे. १९३३ मध्ये जिथं पुस्तकं जाळली, तिथं मिखा उलमान यांनी जमिनीखाली रिकाम्या कपाटांची खोली केली आहे, ती वरून काचेतून दिसते. बाबांना सांग, त्याबद्दल त्यांना वेगळं पत्र लिहीन.

तुझी,
सुमा