चार रात्रींचे घर

चाकांवरचे घर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विलायती चित्र उभे राहते. मोटारीमागे जोडलेली पांढरीशुभ्र पेटी, तिच्या खिडकीला पडदे, दारात खुर्ची टाकून बसलेले गोरे जोडपे. या चित्राला इतिहासाचा आधारही आहे. गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश डॉक्टराने १८८५ साली ब्रिस्टलच्या एका कारखान्यातून घोड्यांनी ओढायची खास गाडी बांधून घेतली, तिचे नाव ‘वाँडरर’ ठेवले आणि मुक्काम करीत करीत तो इंग्लंडातून थेट इन्व्हर्नेसपर्यंत गेला. निव्वळ हौसेपोटी गाडीत बिऱ्हाड थाटणाऱ्यांचा तो मूळपुरुष समजला जातो.

पण आम्हा हिरण्यकेशीकाठच्या माणसांना याचे फारसे अप्रूप वाटू नये. मार्गशीर्षात सौंदत्तीच्या यल्लम्माला निघणारी आमची तट्ट्याची बैलगाडी दुसरे काय होती? साटीवर भाताचे पिंजर, त्यावर वाकळ, बांबूच्या कमानींवर तट्ट्या आणि गाडीखाली लोंबणारा कंदील. मुक्कामाला बैल सोडले की धुरीखाली ‘शिपाई’ म्हणजे आधाराचा दांडका उभा करायचा, चाकामागे दगडाची उटी लावायची, आणि गाडी घर होऊन जाई. वाटेतल्या गावांची नावे मी भूगोलाच्या पुस्तकात नव्हे, त्या गाडीत शिकलो. कानडीही बरीचशी तिथेच शिकलो. तळावर शेजारची चूल नेहमीच कानडी असे.

पुढे बैल गेले, ट्रॅक्टर आले. तट्ट्या गेल्या, ताडपत्र्या आल्या. आणि मी गावातून शाळेत, शाळेतून मुख्याध्यापकाच्या खुर्चीत गेलो. जत्रा सुटली.

तीन वर्षांपूर्वी आमची आई न्हाणीत पडली. ब्याऐंशीव्या वर्षी खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, सळई बसली, वॉकर धरून ती चार पावले टाकू लागली. दिवाळी झाल्यावर एके दिवशी म्हणाली, “यंदा मला डोंगरावर न्या.” मी म्हटले, भाड्याची मोटार करू, दर्शन घेऊन संध्याकाळी परत येऊ. तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी सहावी नापास आहे. “जाऊन तोंड दावून यायचं, ती काय जत्रा? डोंगरावर चूल मांडायची, रात काढायची, देवीचा निवद तिथंच रांधायचा. आन् दोघांनी एका चुलीवरचं जेवायचं.”

शेवटचे वाक्य आम्हा दोघा भावांसाठी होते. वाटण्या होऊन पंधरा वर्षे झाली होती. भांडण असे नव्हते. पण सणावारी ताट पाठवायचे, दारातून चौकशी करायची, एवढेच उरले होते. आईचे सामान माझ्याकडे आणि मन दोन्हीकडे.

धाकटा म्हणाला, “अण्णा, माझी ट्रॉली हाय की. आईला निजवून नेऊ.” मी ठाम नकार दिला. मालाच्या ट्रॉलीतून माणसे नेणे कायद्याला मंजूर नाही. दर जानेवारीत मी शाळेत मुलांकडून रस्ता सुरक्षेची शपथ म्हणवून घेतो. जत्रेला निघालेली ट्रॉली उलटल्याची बातमी वाचली नाही असा हंगाम मला आठवत नाही. धाकट्याला वाटले, मला त्याची ट्रॉली हलकी वाटते. दोन दिवस आम्ही दोघे एकमेकांशी फारच सभ्यपणे वागलो.

तिसऱ्या दिवशी सौ. भाकरी थापता थापता म्हणाली, “घर पुढं जाऊ दे, माणसं मागनं येऊ देत.” झाले! ट्रॉलीत सामान जाणार, आई जीपमधून येणार, आणि तळावर पोचल्यावर ट्रॉलीचे घर होणार. नंतर कळले की ओढल्या जाणाऱ्या कॅरॅव्हॅनमध्ये चालत्या रस्त्यावर माणसे बसवायला इंग्लंडातही मनाई आहे. तेव्हा आमच्या चुलीपुढे झालेला ठराव आंतरराष्ट्रीय दर्जाचाच म्हणायचा.

ट्रॉली अकरा फूट लांब, साडेसहा फूट रुंद, दोन चाकी. धाकट्याची अट एकच होती. ट्रॉलीला कुठेही भोक पाडायचे नाही, काही कायमचे जोडायचे नाही. कारण जत्रा ऐन गळिताच्या हंगामात. पाच दिवस ट्रॉली काढून द्यायची म्हणजे पाच दिवसांच्या खेपा बुडणार, आणि सहाव्या दिवशी तिच्यात पुन्हा ऊस भरायचा. किती बुडणार ते त्याने सांगितले नाही, मीही विचारले नाही. पण हिशेब मला येतो.

गावच्या वेल्डिंगवाल्याने पाऊण इंची पाइपच्या पाच कमानी वाकवून दिल्या. फाळक्यांच्या कडेला खुंट उभे करायच्या खाचा असतातच. कमानींची टोके त्यांत बसवून नटबोल्टने आवळली. मध्यभागी उभ्या माणसाचे डोके लागणार नाही इतकी उंची, आणि रस्त्यावर लोंबणाऱ्या तारांना लागेल इतकी नाही. वरून ताडपत्री. शेवटचा बोल्ट आवळून तो मागे सरला, हात पुसले आणि म्हणाला, “सर, इदु गाडी अल्ल, मने.” गाडी नव्हे, घर!

माझा एक माजी विद्यार्थी अमेरिकेत असतो. तिकडे बंदिस्त मालवाहू ट्रेलर विकत घेऊन त्यात खाट, कपाट, खिडकी बसवून सुटीचे घर करणारे हौशी लोक पुष्कळ. त्याने स्वतःही असा एक केला आहे. फोनवर त्याने दोन गोष्टी बजावल्या. पहिली, वजनाची. दोन चाकी ट्रेलरमध्ये जड सामान आखाच्या जरा पुढे हवे. एकूण वजनाचा साधारण दहावा ते सातवा हिस्सा पुढच्या जोडणीवर यावा. मागे वजन झाले तर गाडी शेपूट हलवू लागते. आमच्या वडिलांचा ‘गाडी उलाळ होऊ देऊ नको’ हा दमच त्याने पदार्थविज्ञानाच्या भाषेत सांगितला. त्याप्रमाणे पाण्याचे पिंप, तांदळाचे पोते, जोंधळ्याचे पीठ पुढे. वाकळा, भांडी मागे.

दुसरी गोष्ट हवेची. प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली सगळे बंद करून झोपले की श्वासाची वाफ वर जाऊन गार पडते आणि पहाटे अंगावर ठिबकते. म्हणून एका टोकाला वर आणि दुसऱ्या टोकाला खाली अशा दोन वाटा उघड्या ठेवायच्या. आणि आत शेगडी, चूल, कोळसा काहीही पेटवायचे नाही. कोंडलेल्या जागेतला विषारी वायू वास न येता माणसाला झोपेतच नेतो. चूल बाहेर, दहा पावलांवर, वाऱ्याची दिशा पाहून.

बाकी सारे आईच्या मापाचे. लोखंडी पत्रा रात्री बर्फासारखा होतो, म्हणून त्यावर वीतभर पिंजर, मग जाजम. खाट तिच्या गुडघ्याच्या उंचीची. फार खाली असली तर तिला उठता येत नाही. खाटेखाली सामान. कमानीला दोरखंडाचा वेढा, रात्री धरून बसण्यासाठी. कोपऱ्यात पडद्याआड भांड्याची खुर्ची. म्हाताऱ्या माणसाच्या प्रवासात याच गोष्टीची सर्वांत जास्त धास्ती असते आणि तिच्याबद्दल कोणीच बोलत नाही. ट्रॉलीचा तळ जमिनीपासून तीन फुटांवर, म्हणून शाळेच्या जुन्या बाकांच्या लाकडाइतक्या जाड फळ्यांची चार पायऱ्यांची शिडी, दोन्ही बाजूंना कठडा. (फळ्या विकत आणल्या होत्या, हे आमच्या संचालक मंडळाच्या माहितीसाठी.)

गोकाक, यरगट्टीवरून ट्रॅक्टर पहाटे पुढे गेला. आम्ही दुपारी पोचलो तेव्हा धाकट्याने ट्रॉली सोडून, पुढे टेका देऊन, चाकांना उट्या लावून ठेवल्या होत्या. आई शिडीजवळ थांबली. कठडा धरला, एक पायरी चढली, थांबली, दुसरी चढली. चौथीवर पोचल्यावर आत पाहिले आणि म्हणाली, “कंदील कुठाय?” धाकट्याने मुकाट्याने खालून वर केला. बॅटरीचा होता, पण गाडीखालीच टांगला होता.

चार रात्री आम्ही तिथे होतो. सभोवार शेकडो ट्रॉल्या, टेंपो, अजून टिकून राहिलेल्या काही बैलगाड्या. ‘उदो’चा गजर मराठीत की कानडीत, हे ओळखू येत नाही. पौर्णिमेला एका चुलीवर नैवेद्य झाला. आईने दोघांना समोरासमोर बसवले आणि स्वतः खाटेवरून पाहत राहिली. आम्ही जेवताना उसाच्या टनेजबद्दल आणि मुलांच्या परीक्षांबद्दल बोललो. दुसरे काय बोलणार? पण बोललो. त्यानंतर आजतागायत बोलतो आहोत.

तळावर रात्री जाग आली की एक विचार येई. चाकांवरचे घर कोणाची हौस, कोणाची भक्ती, तर कोणाचा नाइलाज. चितोडगड पडल्यावर पुन्हा घरात न राहण्याची आण वाहिलेले म्हणून ओळखले जाणारे गाडिया लोहार पिढ्यानपिढ्या गाडीत राहिले. १९५५ साली पंडित नेहरूंनी त्यांना समारंभाने गडावर नेले, तरी अनेकांची गाडी सुटली नाही. आमच्याच शिवारात बीडकडून येणारे ऊसतोड कामगार अशाच गाड्यांत संसार घालून येतात. आमचे घर चार रात्रींचे होते, त्यांचे हंगामभराचे. परत आल्यावर मुलांची हजेरी घेताना त्या कोपीतल्या पोरांकडे माझे लक्ष जरा अधिक जाऊ लागले, एवढे खरे.

सहाव्या दिवशी ट्रॉलीत ऊस भरला. कमानी धाकट्याच्या गोठ्यात आढ्याला टांगल्या. पुढच्या श्रावणात आई गेली.

गेल्या वर्षी कार्तिकात वरच्या गल्लीतले एक लिंगायत गृहस्थ धाकट्याकडे आले. त्यांच्या आईला पक्षाघात झालेला, आणि तिलाही डोंगरावर रात्र काढायची होती. धाकट्याने कमानी काढून दिल्या, शिडी दिली. मग त्यांना माझ्याकडे पाठवले, मापे लिहून घ्यायला. मी वहीच्या पानावर कानडीत सगळे लिहून दिले: खाटेची उंची, दोन वाटा, पाण्याचे पिंप कुठे. शेवटी लाल शाईने लिहिले, ‘माणसे मागून जीपने.’ आणि कागद घडी घालताना त्याखाली आणखी एक ओळ घातली: कंदील विसरू नये.